दादाची ठिकाणं आणि माझं यंत्र

बायको पसंत करायला मी एका घरी एकदाच गेलो होतो. पोहे खाल्ले, होकार दिला आणि जेवायला परत घरी आलो. जीपीएस यंत्र पसंत करायला मात्र मला पाच महिने लागले. वयाबरोबर माणसाची चिकित्सा वाढते असं मी घरात सांगून पाहिलं. बायकोचं म्हणणं, वयाबरोबर रिकामपण वाढतं.

यंत्र म्हणजे हातात मावेल असं, जुन्या जाडजूड मोबाइलएवढं. आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते उपग्रहांना विचारून सांगतं आणि ती जागा नावासकट लक्षात ठेवतं. ब्राह्मणपुरीत ओट्यावर बसून पेपर वाचणाऱ्या निवृत्त मास्तराला आपण कुठे आहोत हे समजायला उपग्रह लागत नाही. ते दिवसातून चार वेळा बायको सांगते. मला यंत्र हवं होतं मासेमारीसाठी.

धडगावच्या पलीकडे घाट उतरून गेलं की नर्मदेच्या धरणाचं फुगवट्याचं पाणी लागतं. डोंगरांच्या प्रत्येक फटीत ते शिरलेलं आहे. त्या काठावरच्या एका पाड्यावर मी आठ वर्षं शाळा चालवली आणि तिथेच गळ टाकायला शिकलो. शिकवलं दादानं. दादा माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, पाड्यातला सगळ्यात चांगला मासेमार. घरी तो पावरी बोलतो, माझ्याशी शाळेतली मराठी. मी त्याला तू म्हणतो, तो मला तुम्ही म्हणतो. इतक्या वर्षांत यात काही बदलावं असं मला कधी वाटलं नाही, हेही इथे लिहून टाकतो.

बदली झाली, पुढे निवृत्तही झालो, पण पावसाळा संपला की महिन्यातून एकदा मी त्याच्याकडे जातो. आमचा कार्यक्रम ठरलेला. दादा मला होडीतून नेऊन एका खडकावर बसवतो, गळाला लावायला गांडुळं देतो आणि स्वतः जाळं घेऊन वळणाआड निघून जातो. दोन तासांनी परत येतो तेव्हा त्याच्या होडीत टोपलीभर कटले असतात आणि माझ्याजवळ बोटाएवढे दोन मासे आणि मोडलेली पाठ.

त्याच्याकडे ठिकाणं होती. वरून पाहिलं तर सगळं पाणी सारखंच, पण खाली कुठे जुनी विहीर आहे, कुठे शेताचा बांध आहे, कुठे महूचं, म्हणजे मोहाचं, खोड अजून उभं आहे ते त्याला पाठ. त्याच जमिनीवर तो लहानाचा मोठा झाला होता. मासे अशा आडोशाला राहतात. मला ती ठिकाणं त्यानं दाखवायला हवी होती. माशांची मला हाव नव्हती. आमच्या घरात बायकोच्या गळ्यात माळ आहे, मासा उंबऱ्याच्या आत येत नाही, मी जे काही पकडायचो ते तिथेच वाटून यायचो. मला हवं होतं ते एवढंच की दादानं मला आपला म्हणावं. खडकावर बसवून ठेवायचा पाहुणा म्हणून राहायला मी कंटाळलो होतो.

त्या साली दादाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू दिसायला लागला. त्याचा एकुलता मुलगा, माझाच विद्यार्थी, गुजरातमध्ये कामाला गेलेला, होळीला तेवढा येतो. मी मनातल्या मनात सगळं जुळवलं. डोळा चालला, मुलगा बाहेर, म्हणजे ही ठिकाणं कुणाच्या तरी हवाली करावीच लागणार, आणि समोर माझ्याइतका लायक माणूस कोण आहे? दादानं यातलं अक्षरही काढलं नव्हतं. पण शिक्षकी पेशात आपणच प्रश्न विचारायचा आणि आपणच उत्तर द्यायची सवय लागते.

"दादा, मला ती ठिकाणं दाखव," मी एकदाचं म्हणालो.

"तुमच्या लक्षात नाही राहायची, गुरुजी. पाणीच आहे सगळं."

"त्यासाठी मशीन मिळतं. जागा लक्षात ठेवतं."

तो म्हणाला, "मग आणा मशीन."

हे मी वचन समजलो.

पुतण्या पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. आमच्या घरात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू घ्यायची झाली किंवा बिघडली की त्याला फोन करायचा रिवाज आहे, मिक्सरसकट. तो म्हणाला, "काका, मोबाइलमाच सगळं शे. कसाले नवं लेतस?" मी त्याचं ऐकलं. पुढच्या फेरीला मोबाइल खिशात घालून होडीत बसलो, गळ सोडवायला वाकलो आणि मोबाइल नर्मदेला अर्पण झाला. पुतण्या म्हणाला, दोरी बांधायची असते. हे त्यानं आधी सांगितलं असतं तर त्याचं शिक्षण वाया गेलं नाही असं मी मानलं असतं.

मग नंदुरबारला एका दुकानात गेलो. "जीपीएस? शे ना!" म्हणत दुकानदारानं काडेपेटीएवढी काळी डबी समोर ठेवली. "हाई ट्रकमा लाई देवानं. ड्रायव्हर कोणता ढाबावर बठा, घर बठे समजस."

मी म्हणालो, मला ट्रक नाही, मी होडीत बसणार आहे.

"मंग होडीमा लावा. नावाडी कोठे जास ते समजी."

मी सांगितलं की नावाड्याशेजारी मी स्वतःच बसलेला असणार. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत राहिला. त्याच्या धंद्यात यंत्राचा उपयोग एकच, दुसऱ्यावर नजर ठेवणं. मी त्याला मनात हसलो. तेव्हा मला वाटत होतं की माझा हेतू फार वेगळा आहे.

शेवटी पुतण्यानं मोबाइलवरून मागवता येतील अशा तीन यंत्रांची नावं पाठवली. पहिलं बोटानं चालणारं, रंगीत, नकाशासकट. ओल्या बोटानं चालेल का, हा माझा प्रश्न. पुतण्याला तो प्रश्नच कळेना, कारण पुण्यात बोटं कोरडी असतात. म्हणून मी बादलीत हात बुडवून सुनेच्या मोबाइलवर प्रयोग केला. दहा मिनिटांत सुनेच्या माहेरी दोन फोन लागले आणि एक कोरा निरोप तिच्या साहेबांना गेला. बायको दारात उभी होती.

"हाई काय चालू शे?"

"परीक्षा घेतोय."

"कोनी? तुम्हनी?"

दुसरं यंत्र बटणांचं होतं, पण चार्ज करावं लागणारं. पाड्यावर वीज लग्नाच्या वऱ्हाडासारखी येते, उशिरा येते आणि आल्याबरोबर निघायची घाई करते. ते बाद. तिसरं यंत्र पुतण्यानं यादीत का घातलं होतं ते त्यानं खाली लिहिलंच होतं: 'हाई लेवानं नही, फक्त माहितीसाठी.' करड्या रंगाचा बारका पडदा, पाच बटणं, नकाशा जवळजवळ नाही, आणि पेन्सिल सेलवर चालणारं. पेन्सिल सेल धडगावच्या किराणा दुकानातसुद्धा मिळतात. मी तेच घेतलं. पाच महिने चौकशी करून माणूस शेवटी तेच घेतो जे घेऊ नको म्हणून सांगितलेलं असतं.

यंत्र आलं त्या दिवशी बायकोनं त्याची पूजा केली. आमच्याकडे ट्रॅक्टर असो की पिठाची चक्की, नव्या यंत्राला हळदकुंकू लागल्याशिवाय कुणी हात लावत नाही. तिनं पडद्यावर बोटभर कुंकू ओढलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. अक्षतांमधला एक दाणा मधल्या बटणाच्या फटीत गेला तो आजतागायत तिथे आहे. ते बटण मला अजून दोनदा दाबावं लागतं.

यंत्रावर लिहिलं होतं की पाणी लागलं तरी बिघडणार नाही. मी ते मळ्यातल्या हौदात सोडून पाहिलं. पाणी त्याच्या आत गेलं नाही, तेच पाण्याच्या आत गेलं. सरळ तळाशी. हौद उपसून काढावं लागलं, आणि ते चालू होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तेवढ्यात गावात बातमी फुटली की गुरुजींनी उपग्रहाची मोजणी आणली. दोन चुलतभाऊ बांध मोजून द्या म्हणून आले. मी नाही म्हणालो, पण प्रात्यक्षिक म्हणून आमचा ओटा मोजून दाखवला. यंत्रात दहा-पंधरा पावलांचा फरक पडतो, त्यामुळे आमचा ओटा शेजाऱ्याच्या गोठ्यात निघाला. शेजाऱ्याला वाटलं मी गोठ्यावर हक्क सांगतोय. आठवडाभर त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं.

एवढं सगळं पार पाडून मी यंत्र घेऊन दादाकडे गेलो. त्यानं ते हातात घेतलं, उलटं केलं, वजन पाहिलं. मग आत गेला आणि वाळलेला दुध्या भोपळा आणून दोरीनं त्याला बांधला. आता पडलं तरी तरंगणार होतं. पुतण्याच्या तिन्ही यंत्रांच्या वर्णनात भोपळ्याचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं मला वळणाआड नेलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. होडी थांबवायचा, वल्हं आडवं धरायचा आणि म्हणायचा, "ही काकाची विहीर." मी बटण दोनदा दाबून नाव घालायचो. "हे महूचं खोड." दाबलं. "इथं बांध." दाबलं. अकरा ठिकाणं झाली. मधे एकदा मी जाळं टाकू या का विचारलं तर म्हणाला, "आज नको, पाणी चढलंय." मी तेही वहीत टिपलं. मग त्यानं विचारलं, पाणी उतरलं की मशीन काय दाखवतं. मी त्याला अक्षांश-रेखांश समजावून सांगितले, पाण्याच्या चढउतारानं ते बदलत नाहीत हेही सांगितलं. शेवटच्या बाकावरची मुलं मान डोलवायची तशी त्यानं मान डोलवली.

त्या सकाळी मी खरोखर आनंदात होतो. चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणी मला काही एवढ्या विश्वासानं दिलं असेल असं मला आठवत नव्हतं. परतताना दादाच्या घरी भाकरी खाल्ली, त्याच्या बायकोला नमस्कार केला आणि डोळ्यांत पाणी आलं ते चुलीच्या धुरावर ढकललं.

धडगावला जीप भरल्याशिवाय सुटत नाही. अकरा माणसं बसतील त्या जीपमध्ये सतरा जमेपर्यंत चहाच्या टपरीवर बसावं लागतं. मी यंत्र खिशात ठेवू शकलो असतो. पण भोपळ्यासकट ते खिशात मावत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते मावायला नको होतं. मी ते टेबलावर ठेवलं. शेजारी इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस बसला होता.

"गुरुजी, हाई काय शे?"

निवृत्त मास्तराला असा प्रश्न कुणी विचारत नाही. मी त्याचा पाऊण तासाचा तास घेतला. उपग्रहापासून सुरुवात केली आणि अकरा ठिकाणांवर आलो. नावं एकामागोमाग एक पडद्यावर आणून दाखवली. तो प्रत्येक नावाला "वा, वा" म्हणत होता. मग त्यानं मोबाइल काढून विचारलं, "फोटो लेऊ का? पोऱ्यासले दाखाडसू." मी म्हणालो, घ्या की. पडद्यावर ऊन पडत होतं म्हणून मीच हातानं सावली धरली. एकेक ठिकाण, एकेक आकडा, स्पष्ट येईपर्यंत.

जीप घाट उतरायला लागली तेव्हा शेजारच्या प्रवाशाला मी सहज विचारलं, तो चहावर भेटलेला माणूस कोण होता.

"तो? मच्छीना ठेकेदारना माणूस शे. मोठ्या होड्या तोच सोडस पाणीमा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर हातानं सावली करून अवलक्षण ओढवून घेतलं होतं. दादाकडे मोबाइल आहे, पण रेंज धरायला त्याला डोंगर चढावा लागतो आणि तो रविवारी चढतो, मुलाशी बोलायला. रविवार आला आणि गेला, मी फोन केला नाही. त्यानंतरचाही गेला. ज्या माणसानं मला आपलं मानून जन्माची ठेव दाखवली त्याला काय सांगणार होतो? की ती मी एका कप चहात वाटून टाकली? यंत्र मी कपाटात पांघरुणांखाली ठेवलं. रात्रीचं जेवण जाईना. मासेमारीतलं मला काही कळत नाही, हे मला मान्य होतं. पण मी विश्वासघातकी आहे हे मला नवीन होतं.

बायकोनं पंधरा दिवस पाहिलं आणि सोळाव्या दिवशी सगळं काढून घेतलं. ऐकून म्हणाली, "दाखाडाले तोंड उघडं व्हतं, आते सांगाले का बंद? जा, सांगी या."

मी गेलो. शेवटच्या वळणावरूनच पाण्यात दोन मोठ्या होड्या दिसल्या, जिथे मी बटण दाबलं होतं साधारण तिथेच. दादा घरासमोर खाटेवर बसून जाळं विणत होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. टपरी, इस्त्रीचा शर्ट, फोटो, सगळं. सावली धरल्याचंही सांगितलं. तो गाठी मारत राहिला.

"जाळी फाटली त्यांची," तो म्हणाला.

"कुणाची?"

"त्या होडीवाल्यांची. तिथं खाली खैराची खोडं आहेत. मासा नाही तिथं."

"अकराही ठिकाणी?"

"अकरा होती का? मी मोजली नाहीत. जिथं वारा कमी होता तिथं थांबवली होडी."

"आणि ती नावं? काकाची विहीर?"

"नावं तर सांगावी लागतातच, गुरुजी. तुम्ही लिहून घेत होता."

आधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचं काही नुकसान झालं नव्हतं. मग लाज वाटली, आणि मग राग आला. राग सगळ्यात जास्त टिकला, कारण त्यात मला स्वतःकडे पाहावं लागत नव्हतं. "नाही म्हणायचं होतंस मला सरळ," मी म्हणालो.

"एवढ्या लांबून मशीन घेऊन आलात. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?"

मी खाटेच्या कडेला बसलो. त्यानं जाळ्याचं एक टोक माझ्याकडे दिलं, मी ते ताणून धरलं.

"माझ्या बापानं एकदा दाखवलं होतं," तो म्हणाला. "मशीन घेऊन धरणाचे मोजणीवाले आले होते तेव्हा. विहीर, बांध, महू, एकेक दाखवलं. चहा पाजला. त्यांनी चांगलं व्यवस्थित लिहून घेतलं."

मी पुढचं विचारलं नाही. पुढचं आमच्यासमोरच होतं, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. तरी माझी खोड जाईना. मास्तर हरला तरी शेवटचा मुद्दा त्याचाच असावा लागतो.

"ते बरोबर आहे, दादा. पण कुणाला तरी दाखवायला हवीत की नाही? तुझा डोळा असा. मुलगा तिकडे गेलेला. तुझ्यामागं कोण?"

"त्याला ठाऊक आहेत ना सगळी. होळीला आला की एकटाच जातो जाळं घेऊन."

"त्याला कधी दाखवलीस?"

दादानं पहिल्यांदाच हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या शाळेत तिसरीत होता तेव्हा. वर्षभर रोज नेत होतो होडीतून. तुम्ही त्याची गैरहजेरी मांडायचात आणि मला बोलावून सांगायचात, पोराला शाळेत पाठव, चार गोष्टी शिकू दे त्याला."